माहेरचं नाव कुठल्या यादीत आहे?



नोव्हेंबरातली गोष्ट. आंबिया बहाराच्या तोडीचे दिवस होते, त्यामुळे बैठक रात्री आठला ठेवली होती. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, वरूडपासून जवळच. बचत जमा झाली, वही लिहून झाली, कर्जाचे दोन अर्ज वाचून झाले. सगळ्या उठायच्या बेतात असताना गटातल्या एका ताईची लेक दारात येऊन उभी राहिली. तिचं लग्न पांढुर्ण्याकडे झालेलं, म्हणजे मध्य प्रदेशात. ती सणासाठी आली नव्हती, बाळंतपणालाही नाही. कागदासाठी आली होती.

"माय, बाबाचं नाव त्या जुन्या मतदार यादीत कुठी हाये ते पाह्याचं हाये. माह्या नवऱ्याचं नाव चालत नाई म्हणतात."

तिची आई म्हणाली, "बारा वर्सं झाले तुले तिकडं नांदून, तीन वेळा मत टाकलं, अन् आता बापाचं नाव काऊन पाह्यजे?"

त्या रात्री बैठक पुन्हा तासभर चालली. आजचं बोलणं त्या प्रश्नावरच आहे. मत द्यायला आपण या देशाचे नागरिक असल्याचा पुरावा द्यावा लागतो का? लागत असेल तर तो कोणता, आणि बाईमाणसाने तो आणायचा कुठून?

आधी काय घडलं ते सांगतो. निवडणूक आयोगाने २४ जून २०२५ रोजी बिहारमध्ये मतदार यादीचं 'विशेष सखोल पुनरीक्षण' जाहीर केलं. त्यालाच लोक एसआयआर म्हणतात. नेहमीच्या दुरुस्तीत जुनी यादी पुढे चालते आणि नवी नावं तिच्यात पडतात. सखोल पुनरीक्षणात प्रत्येक मतदाराने नव्याने फॉर्म भरून द्यायचा असतो. बिहारच्या यादीत सुमारे ७ कोटी ८९ लाख नावं होती. १ ऑगस्टला प्रारूप यादी आली, तेव्हा त्यातली सुमारे ६५ लाख गळाली होती. आयोगाने कारणं दिली ती अशी : २२ लाख मयत, ३६ लाख गाव सोडून गेलेले किंवा न सापडलेले, ७ लाख दुबार. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७ कोटी ४२ लाख नावं राहिली. प्रारूप यादीतून वगळलेल्यांत बाया पुरुषांपेक्षा जास्त होत्या. हे ऐकून आम्हाला नवल वाटलं नाही. गाव सोडून जाणारं माणूस म्हटलं की पहिली लेकच असते.

मग दुसरा टप्पा आला. ४ नोव्हेंबर २०२५ पासून बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत घरोघरी फॉर्म वाटणं सुरू झालं. आपला शेजारी मध्य प्रदेश त्यात होता. छत्तीसगड, गुजरात, गोवाही होते. महाराष्ट्र नव्हता, कारण आपल्याकडे नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका तोंडावर होत्या. पण वरूडच्या बाईला ही वरूडबाहेरची गोष्ट वाटून चालणार नाही. आपल्या किती घरांतल्या सुना मुलताई, पांढुर्णा, सौंसरकडच्या आहेत, आणि आपल्या किती लेकी तिकडे दिल्या आहेत, मोजून पाहा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तर वरूड आणि मुलताई एकाच राज्यात होते. आपल्या आज्यांनी पहिल्या निवडणुकीत मत दिलं ते मध्य प्रदेशच्या विधानसभेसाठी. सीमा नंतर आली, सोयरीक आधीची आहे.

या पुनरीक्षणात नियम असा होता. बहुतेक राज्यांत यादीची शेवटची सखोल तपासणी २००२ ते २००४ च्या दरम्यान झाली होती. त्या जुन्या यादीत तुमचं स्वतःचं नाव असेल तर कागद लागत नाही. स्वतःचं नसेल तर आईवडिलांपैकी कुणाचं, नाहीतर आजोबा-आजीचं दाखवायचं. जुनी यादी कुठल्याही राज्याची चालते. यातलं काहीच नसेल तर सुनावणीची नोटीस येते आणि कागदपत्रं मागतात. आता पाहा, त्या लेकीचा जन्म १९९२ चा. २००२ मध्ये ती दहा वर्षांची. यादीत तिचं नाव असणं शक्यच नव्हतं. नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव असून उपयोग नाही, कारण नातं रक्ताचं लागतं. म्हणजे तिच्याच घरात तिच्या नवऱ्याचं काम ओट्यावर बसून दहा मिनिटांत झालं आणि तिला बस धरून माहेरी यावं लागलं.

याच्या अगदी उलट अनुभव आपण जुलै २०२४ मध्ये घेतला आहे. लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना सेतू केंद्रावर लागलेल्या रांगा आठवतात ना? त्या वेळी परराज्यात जन्मलेल्या आणि महाराष्ट्रात लग्न करून आलेल्या बाईसाठी सरकारने नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र मान्य केलं होतं. दीड हजार रुपयांसाठी नवऱ्याचा कागद चालला, मतासाठी बापाचाच हवा. एक रहिवासाचा प्रश्न आहे आणि दुसरा नागरिकत्वाचा, हे आम्हाला समजतं. पण रांगेत उभ्या असलेल्या बाईला तो फरक कुणीतरी समजावून सांगायला नको का?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. संविधानाच्या कलम ३२६ प्रमाणे मताचा हक्क भारताच्या नागरिकाला आहे आणि वय १८ पूर्ण हवं. आधी २१ होतं, १९८९ पासून १८ झालं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने तिसरी अट घातली की त्या मतदारसंघात तुमचा नेहमीचा वास हवा. नागरिक नसलेल्या माणसाचं नाव यादीत राहू शकत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे नागरिकत्वाची अट नवी नाही, पहिल्या दिवसापासून आहे. वाद आहे तो ती तपासायची कशी यावर.

नेहमीच्या पद्धतीत नवं नाव घालायला फॉर्म ६ भरतात. त्यात वयाचा आणि राहण्याच्या जागेचा कागद जोडायचा असतो. नागरिकत्वासाठी खाली एक प्रतिज्ञापन असतं, 'मी भारताची नागरिक आहे', आणि आपण सही करतो. ते खोटं निघालं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सत्तर-पंचाहत्तर वर्षं देशाने बहुतेक या सहीवर विश्वास ठेवून यादी चालवली.

कुणी विचारेल, सहीऐवजी सरळ कार्डच दाखवलं तर? इथेच खरी अडचण आहे. नागरिकत्वाचं असं एक कार्ड आपल्या देशात सगळ्यांना कधी दिलंच गेलेलं नाही. आधार हा ओळखीचा पुरावा आहे. तो नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधारच्या कायद्यातच लिहिलं आहे, कारण इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. रेशन कार्ड धान्यासाठी. पासपोर्ट आपल्या गटांत किती जणींकडे आहे ते आम्ही विचारलं. एकीकडेही नव्हता. एका आजीला आम्ही पासपोर्टबद्दल विचारलं तर तिने पासपोर्ट साइजचा फोटो काढून दिला.

नागरिकत्व ठरतं १९५५ च्या कायद्याने, आणि तिथे जन्मतारीख महत्त्वाची आहे. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक. त्यानंतर ते डिसेंबर २००४ च्या सुरुवातीपर्यंत जन्मलेल्यांच्या आईवडिलांपैकी एक जण भारतीय नागरिक हवा. त्याच्यानंतर जन्मलेल्यांचे दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. एकाच घरात सासू पहिल्या नियमात, सून दुसऱ्या नियमात आणि बारावीतली नात तिसऱ्या नियमात. पुनरीक्षणात कागद मागितले तेही याच तीन पायऱ्यांनी : पहिलीला फक्त स्वतःचा, दुसरीला स्वतःचा आणि आई किंवा वडिलांचा, तिसरीला स्वतःचा आणि दोघांचाही.

कागद कोणते? आयोगाची मूळ यादी अकरा कागदांची होती. जन्मदाखला, पासपोर्ट, मान्यताप्राप्त मंडळाचं किंवा विद्यापीठाचं शैक्षणिक प्रमाणपत्र, कायम रहिवासी दाखला, जातीचा दाखला, वनहक्काचा पट्टा, सरकारने दिलेल्या जमिनीचा किंवा घराचा कागद, सरकारी नोकरी-पेन्शनचा कागद, १ जुलै १९८७ च्या आधी सरकारी कार्यालय, बँक, पोस्ट किंवा एलआयसीने दिलेला कागद, असे ते. आधार, रेशन कार्ड आणि मतदार ओळखपत्र त्यात नव्हतं. नेमके हेच तीन कागद आपल्या बायांच्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात. यावर लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ ऑगस्टला न्यायालयाने वगळलेल्या ६५ लाखांची नावं कारणांसह जाहीर करायला सांगितली. ८ सप्टेंबरला आधार हा बारावा कागद म्हणून घ्यायला सांगितलं, पण ओळखीसाठी, नागरिकत्वासाठी नाही.

आता दोन्ही बाजूंचं म्हणणं. सखोल तपासणी हवी म्हणणारे म्हणतात, वीस-बावीस वर्षं यादी मुळापासून पाहिलेली नाही. माणसं मेली, शहरात गेली, दोन-दोन ठिकाणी नावं राहिली. जो नागरिक नाही त्याचं मत एका नागरिकाच्या मताला कापतं. यात तथ्य आहे. मेलेल्या माणसांची नावं आम्हीही यादीत वाचली आहेत. राजुरा मतदारसंघात, म्हणजे आपला राजुरा बाजार नव्हे, चंद्रपूर जिल्ह्यातलं राजुरा, २०२४ मध्ये ऑनलाइन आलेले हजारो खोटे अर्ज उघडकीला आले आणि प्रकरण पोलिसांत गेलं. यादी साफ हवी याबद्दल आमच्या गटांत कुणाचंच दुमत नव्हतं.

विरोधात बोलणारे म्हणतात, नागरिकत्व ठरवण्याचं काम केंद्र सरकारचं आहे, मतदार नोंदणी अधिकाऱ्याचं नाही. ज्याने वीस वर्षं मत दिलं त्याच्यावर पुन्हा पुराव्याचं ओझं टाकायचं कारण काय? आणि ओझं सगळ्यांवर सारखं पडत नाही. आयोगाचं उत्तर असं की कलम ३२६ मध्येच नागरिक हा शब्द आहे, मग यादीपुरतं ते पाहणं आमचं कर्तव्यच आहे.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १९९० नंतरच्या वर्षांत मुंबईतल्या काही वस्त्यांमधल्या मतदारांना नोटिसा गेल्या की नागरिकत्व सिद्ध करा, आणि जन्मदाखला, पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र असे मोजकेच कागद चालतील. दिल्लीतही तसंच झालं. ६ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने लाल बाबू हुसेन खटल्यात निकाल दिला. ज्याचं नाव आधीच यादीत आहे, ते घालताना अधिकाऱ्याने तपासणी केली होती असं धरायचं. संशय असेल तर कशामुळे ते त्या माणसाला सांगायचं, तो देईल तो पुरावा पाहायचा, म्हणणं ऐकायचं आणि मगच निर्णय करायचा. हा निकाल लक्षात ठेवा. नोटीस आली म्हणजे नाव गेलं असं नसतं.

बायांचं नाव आणि मतदार यादी यांचं भांडण तर त्याहून जुनं. पहिल्या निवडणुकीची, १९५१-५२ ची यादी तयार होत होती, तेव्हा उत्तरेकडच्या कित्येक बायांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहून दिलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितलं, प्रत्येक बाईचं स्वतःचं नाव हवं. तरी ते मिळालं नाही म्हणून जवळपास २८ लाख बायांची नावं यादीतून काढावी लागली. मुदतवाढ देऊनसुद्धा. सेन यांचा आग्रह आम्हाला बरोबरच वाटतो. पण नियम बरोबर असूनही फटका बाईला बसला, तेवढं ध्यानात ठेवा. त्या वेळी नाव सांगितलं नाही म्हणून गेलं. आज नावं जास्त झाल्याने अडतं : शाळेत एक, लग्नात बदललेलं दुसरं, आधारवर तिसरं.

साता समुद्रापलीकडेही तेच. अमेरिकेत कॅन्सस नावाच्या राज्याने २०१३ पासून मतदार नोंदणीला नागरिकत्वाचा कागद सक्तीचा केला. ३१ हजारांवर लोकांची नोंदणी अडून बसली. २०१८ मध्ये न्यायालयाने ती सक्ती रद्द केली. तिथे न्यायालयाला दिसलं की १९ वर्षांत यादीत शिरलेले परके जास्तीत जास्त ३९ होते. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या प्रतिनिधीगृहाने साऱ्या देशासाठी तसंच विधेयक मंजूर केलं, तेव्हा पहिली हरकत निघाली ती लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायांची. जन्मदाखल्यावर एक आडनाव, ओळखपत्रावर दुसरं. ते ऐकून आमच्या बैठकीत खसखस पिकली. "म्हंजे मडम लोकायलेबी माहेरी जा लागते!"

पण हसण्यावारी नेऊ नये अशी एक गोष्ट आपल्या दारात घडली आहे. ज्यांच्या जन्माची नोंद वेळेत झाली नाही त्यांना नंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने दाखला मिळतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे काम न्यायालयाऐवजी महसूल अधिकाऱ्यांकडे आलं. २०२५ च्या सुरुवातीला असे दाखले परक्यांना मिळाल्याचे आरोप झाले, आणि त्यात मालेगावसोबत अकोला आणि अमरावती जिल्ह्यांचं नाव आलं. सरकारने चौकशीला विशेष पथक नेमलं, उशिराचे दाखले देणं काही काळ थांबवलं आणि मार्च २०२५ मध्ये नियम कडक केले. गैरप्रकार झाला असेल तर चौकशी व्हायलाच पाहिजे. पण घरी, वावरात, सुईणीच्या हातावर जन्मलेल्या बायांचं काय? आमच्या गटांत पन्नाशीच्या वरच्या बायांमध्ये जन्मदाखला असलेली सापडणं मुश्कील. त्यांना आता तो काढायला पूर्वीपेक्षा जास्त पुरावे आणि जास्त फेऱ्या लागतात.

म्हणून आमचं मत असं झालं आहे. यादी तपासा, पण जो कागद सरकारने बाईला कधी दिलाच नाही, तो नसल्याचा दोष तिच्यावर ठेवू नका. आणि लेकीला माहेरची जुनी यादी शोधायला लावायची तर ती गावात, ग्रामपंचायतीत, मराठीत वाचायला मिळाली पाहिजे. मोबाइलवरच्या शंभर पानांत नाव शोधणं म्हणजे गव्हातले खडे वेचणं.

आपल्याकडे तपासणी आली की धावपळ नको, म्हणून आम्ही गटांत काम सुरू केलं आहे. पहिलं, आपलं नाव आजच्या यादीत पाहून घ्या. वरूड तालुका मोर्शी विधानसभा मतदारसंघात येतो आणि लोकसभेला आपण वर्ध्याला जोडलेले आहोत, अमरावतीला नाही. ऑनलाइन शोधताना इथेच पुष्कळ जणी चुकतात. ग्रामपंचायतीची आणि जिल्हा परिषदेची यादीही याच विधानसभा यादीवरून फोडून करतात, म्हणून इथे नाव नसेल तर सरपंचालाही मत देता येत नाही.

दुसरं, माहेरच्या यादीत राहिलेलं नाव. सुना सांगतात, भाऊ म्हणतो राहू दे तिकडेही, काय बिघडते. बिघडतं. एका माणसाचं नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही आणि त्यासाठी खोटं लिहून देणं गुन्हा आहे. लग्न होऊन आल्यावर फॉर्म ८ भरला की नाव इकडे येतं. नावातली, वयातली चूकही त्याच फॉर्मने दुरुस्त होते. नव्या १८ वर्षांच्या मुलींसाठी फॉर्म ६, आणि आता वर्षातून चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. फॉर्म ७ हा नाव काढण्याचा असतो. कुणी न वाचता सही मागितली तर तो देऊ नका.

तिसरं, माहेरचे कागद. दहावी झालेली असेल तर प्रमाणपत्र जपून ठेवा. शाळा अर्ध्यात सुटली असेल तर शाळेच्या रजिस्टरचा उतारा आणून ठेवा. तो त्या यादीत बसो न बसो, पुढचा दाखला काढायला तोच लागतो. जातीचा दाखला बाईला बापाच्या कागदांवरूनच मिळतो, म्हणून भाऊ-वहिनीशी गोड राहा, असं आम्ही गमतीने म्हणतो. आदिवासी मैत्रिणींनी वनहक्काचा पट्टा काढून पाहावा. लग्न झालेल्यांचा पट्टा कायद्याने नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो, त्यात तुमचं नाव बरोबर लिहिलं आहे का ते बघा. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव एकाच बाईचं आहे हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला कामी येतो. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद होते.

नोटीस आलीच तर घाबरून घरी बसू नका, तारखेला जा. गटातल्या दोघी सोबत न्या. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. नाव कापलं तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, तिथे नाही जमलं तर पुढे तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. विचारपूस करायला १९५० हा फोन नंबर आहे.

त्या लेकीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. तिच्या वडिलांचं नाव जुन्या यादीत तिसऱ्या रात्री सापडलं. आमच्या सीआरपी ताईने भागाचा नंबर काढला, तेव्हा मिळालं. आडनावातलं एक अक्षर चुकलेलं होतं, पण घर नंबर आणि आजोबांचं नाव जुळत होतं. तिचा फॉर्म तिकडच्या बीएलओने घेतला. तिची जाऊ मात्र सुनावणीत अडकली. ती पण आपल्याच तालुक्यातली. वडील लहानपणीच गेले, आई ऊसतोडीला बाहेर असायची, जुन्या यादीत दोघांचंही नाव सापडलं नाही. तिच्या शाळेचं रजिस्टर आम्ही शोधतो आहोत. शाळा आता दुसऱ्या शाळेत विलीन झाली आहे आणि जुनी कपाटं कुठे ठेवली ते विचारायला आम्ही सोमवारी जाणार आहोत. त्या शाळेत १९९५ ते २००० च्या सुमारास शिकवणारे गुरुजी कुणाच्या ओळखीचे असतील, तर बैठकीत नक्की सांगा.